मांडीवरचे दप्तर

लिहायला टेबल लागते, ही समजूत आपल्याकडे फार जुनी नाही. पेशवाईतला कारकून लिहायला बसे तो जमिनीवर. एक मांडी घातलेली, दुसरा गुडघा उभा, त्या गुडघ्यावर कागद, उजव्या हातात बोरू आणि बाजूला दौत. राज्याची जमा आणि खर्च, गढ्यांची दुरुस्ती, घोड्यांचा दाणा आणि भाऊबंदांचे तंटे, सारे त्या गुडघ्यावरून कागदावर उतरले. टेबल आणि खुर्ची साहेबाबरोबर आली, कचेरीत शिरली, तिथून शाळेत आली आणि शेवटी आम्हां लेखकांच्या घरात येऊन बसली. आता गेली काही वर्षे लिहिण्याचे साधन पुन्हा मांडीवर येऊ पाहत आहे. इंग्रजीत तर त्या यंत्राचे नावच मांडीवरून पडले आहे.

हे सगळे आठवण्याचे कारण अगदी घरगुती आहे. माझा टेबलावरचा संगणक म्हातारा झाला. २०१२ साली तालुक्याच्या गावी सुटे भाग जुळवून घेतलेले ते यंत्र. चालू केले की आधी पंखा घरघरतो, मग पडदा उजळतो, आणि तोवर माझा चहा पिऊन होतो. त्यातली विंडोज १० ही मूळ आज्ञावली. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी तिचा सर्वसाधारण आधार कंपनीने थांबवला, आणि तिच्या जागी येणारी नवी आज्ञावली इतक्या जुन्या यंत्राला आपल्या दारात उभे करत नाही. म्हणजे यंत्र बदलणे भाग होते. टेबलावरचे जाऊन मांडीवरचे घ्यावे, असे घरात ठरले.

माझी ओळख करून द्यायची तर मी मॅट्रिक झालेला आणि नंतर पदविका घेऊन चित्रकला शिकवणारा एक शाळामास्तर आहे. सुट्ट्यांत कादंबऱ्या लिहितो. यंत्रविद्येचा माझा अभ्यास नाही. पण एखादी वस्तू विकत घ्यायची झाली की तिचे घराणे आधी पाहावे, ही आमच्या वडिलांची शिकवण. बैल घेताना ते दातांबरोबर त्याची दावणही विचारत. त्या सवयीने मीही दुकानात जाण्यापूर्वी या यंत्राची दावण शोधू लागलो.

ही दावण पाहिली तर मूळ पुरुष खोलीभर पसरलेला दिसतो. आपल्या मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्थेने पहिला भारतीय बनावटीचा मोठा संगणक १९६० मध्ये कामाला लावला. १९६२ साली पंडित नेहरूंनी त्याला ‘टिफ्रॅक’ हे नाव दिले. त्याच सुमारास अमेरिकेत माहिती साठवण्याची जी सोय होती, ती आज ऐकली तर हसू येते. आय.बी.एम.च्या १९५६ सालच्या यंत्रात दोन फूट व्यासाच्या पन्नास तबकड्या फिरत, आणि त्या सगळ्यांत मिळून मावे ते अवघे पाच मेगाबाइट. आज मुलांनी सहलीत काढलेल्या एका छायाचित्राला तेवढी जागा सहज लागते. हे धूड टेबलावर मावेल एवढे व्हायला पुढे पंचवीस वर्षे गेली. आय.बी.एम.ने आपला वैयक्तिक संगणक बाजारात आणला तो ऑगस्ट १९८१ मध्ये.

पण मांडीवरच्या यंत्राची कल्पना टेबलावरच्या यंत्राहून जुनी आहे, हे वाचून मी चकित झालो. आणि ती निघाली होती मुलांसाठी! ॲलन के नावाच्या संशोधकाने १९७२ साली एक निबंध लिहिला. सर्व वयांच्या मुलांसाठी वैयक्तिक संगणक, असा त्याचा विषय. वहीएवढा आकार, चार पौंडांहून कमी वजन, किंमत पाचशे डॉलरांच्या आसपास, आणि मुलाने तो झाडाखाली बसून वापरावा. याला त्याने ‘डायनाबुक’ म्हटले. असे यंत्र तेव्हा बनणे शक्यच नव्हते, म्हणून त्याने पुठ्ठ्याचा नमुना करून ठेवला होता. चित्रकलेच्या मास्तराला हा पुठ्ठा फार जवळचा वाटला. आम्हीही वर्गात आधी पुठ्ठ्याचेच घर बांधतो.

प्रत्यक्षात जे आले ते मात्र मांडी मोडणारे होते. एप्रिल १९८१ मध्ये ॲडम ऑझबर्न याने आपला उचलून नेता येण्याजोगा संगणक विक्रीला काढला. वजन अकरा किलो, पडदा पाच इंचांचा, किंमत १,७९५ डॉलर. मिटला की तो शिवणयंत्राच्या पेटीसारखा दिसे. या ऑझबर्नची हकीकत आपल्या वाचकांनी ऐकण्याजोगी आहे. त्याचे वडील आर्थर ऑझबर्न हे रमण महर्षींचे भक्त आणि चरित्रकार, त्यामुळे मुलाचे बालपण तिरुवण्णामलैला अरुणाचलाच्या पायथ्याशी गेले. अमेरिकेत त्याने नाव काढले, कंपनी डोळे दिपतील अशी वाढली आणि १९८३ मध्ये दिवाळखोरीत निघाली. नवे यंत्र तयार होण्यापूर्वीच त्याने त्याची वाच्यता केली, आणि गिऱ्हाइकांनी ‘मग आणखी थोडे थांबू’ म्हणून जुने घेणेच बंद केले, असे तिच्या अंताचे कारण सांगतात. पूर्ण कारण तेवढेच नसेलही, पण व्यापारात या प्रकाराला अजून ऑझबर्नचेच नाव आहे. शेवटी तो भारतात परतला आणि २००३ साली कोडाईकनालला वारला. मीही गेली तीन दिवाळ्या ‘पुढच्या वर्षी याहून चांगले येईल’ म्हणत थांबलो होतो. ही कथा वाचली आणि थांबणे सोडले.

यंत्राला बिजागरी आली १९८२ साली. बिल मॉग्रिज या इंग्रज आकृतिकाराने ‘ग्रिड कंपास’ हे यंत्र शिंपल्यासारखे मिटणारे केले. वर पडदा, खाली कळपट, मध्ये बिजागरी. आजचे प्रत्येक यंत्र त्याच बिजागरीवर उघडते. पण किंमत आठ हजार डॉलरांवर. ते सरकारी खात्यांनी घेतले आणि अंतराळयानातूनही फिरवले. सामान्य लेखणीबहाद्दराच्या हाती पडले ते १९८३ चे टँडीचे ‘मॉडेल १००’. साध्या विजेरीतले चार सेल घातले की ते दिवसाच्या दिवस चाले. पडद्यावर आठच ओळी दिसत, पण वार्ताहरांना तेवढ्या पुरत. पुढे १९९१ मध्ये लिथियम-आयनची विद्युत्घटे बाजारात आली आणि यंत्राचा भिंतीशी असलेला दोर सैल झाला. या घटांच्या शोधाला २०१९ साली रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले. १९९१ मध्येच ॲपलच्या यंत्रात कळपट मागे सरकला आणि पुढे मनगट टेकायला जागा झाली. गोष्ट क्षुल्लक वाटते, पण दिवसाकाठी हजार शब्द लिहिणाऱ्याने आपल्या मनगटाला विचारून पाहावे.

ॲलन केच्या पुठ्ठ्याच्या स्वप्नाचा एक धागा आमच्या रायगड जिल्ह्यापर्यंतही आला. प्रत्येक मुलाला एक संगणक, या जागतिक योजनेतली हिरव्यापांढऱ्या रंगाची छोटी यंत्रे २००७ साली खैराट इथल्या एकशिक्षकी शाळेत मुलांच्या हाती दिली गेली. धनगरवाड्यावरची पोरे ती मांडीवर घेऊन बसली. त्या योजनेचे पुढे जगात जे झाले ते झाले. पण मांडीवरच्या संगणकाचा पहिला विचार मुलांसाठी झाला होता, याची ती आठवण होती.

एवढी दावण पाहून मी दुकानात गेलो.

दुकानातल्या मुलाने पहिला प्रश्न केला, “सर, गेमिंगसाठी पाहिजे की ऑफिससाठी?” कादंबरीसाठी म्हणून सांगण्याची मला लाज वाटली, म्हणून मी ‘ऑफिस’ म्हणालो. त्याने चार यंत्रे मांडली. मी वजन पाहिले, कळा दाबून पाहिल्या, पडदा उन्हाकडे वळवून पाहिला. चारही यंत्रांच्या कळांवर एकही देवनागरी अक्षर नव्हते. तेवढ्याने मी थांबलो नसतो. माझी बोटे मराठी टंकलेखनाच्या वर्गात तयार झालेली. मॅट्रिकनंतरच्या सुट्टीत खडखडणाऱ्या यंत्रावर शिकलेली रेमिंग्टन मांडणी त्यांच्यात अजून आहे. मला फक्त पाहायचे होते, की माझे लिखाण या यंत्रावर कसे दिसते. खिशात पेनड्राइव्ह होता. त्यातली पहिली दिसली ती फाईल मी उघडायला सांगितली.

ती आईची होती.

आईचे माहेर कोयनेच्या खोऱ्यात. कोयना धरण झाले, शिवसागर जलाशयाचे पाणी चढले, आणि गावे उठली. आई तेव्हा नऊ वर्षांची होती. आजोबांना तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्यात जमीन मिळाली. आईने नवे गाव आपले मानले, पण जुन्या गावाची शेते ती विसरली नाही. प्रत्येक शेताला नाव होते. २००६ च्या पावसाळ्यात ती पाय मोडून अंथरुणाला होती, तेव्हा मी तिच्या खाटेशी बसून ती नावे टंकून घेतली. “लिही बाळा,” म्हणायची आणि डोळे मिटून बांधाबांधाने चालत जायची. त्रेसष्ट नावे झाली. कोणत्या शेतात काय पिके, कुणाची वाटणी कुठवर, विहिरीचे पाणी कुठे वळे, हेही तिने सांगितले. ते गाव आता पाण्याखाली आहे. आईही २०१४ मध्ये गेली.

दुकानातल्या पडद्यावर तो मजकूर उघडला आणि दिसले ते इंग्रजी अक्षरे, स्वल्पविराम, डॉलरची खूण आणि चौकोन यांचे कडबोळे. मुलगा शांतपणे म्हणाला, “सर, फाईल करप्ट झालीये.”

मी काही न घेता घरी आलो. जुन्या संगणकावर फाईल उघडली. पंखा घरघरला आणि सगळी त्रेसष्ट शेते जागच्या जागी दिसली. फाईल बिघडलेली नव्हती. ती त्या एका यंत्रावाचून कुणाला वाचता येत नव्हती, इतकेच.

असे का व्हावे, याचे उत्तर यंत्राच्या इतिहासात नव्हते, अक्षराच्या इतिहासात होते. टंकयंत्र इंग्रजीसाठी घडले. सव्वीस अक्षरांची लहानमोठी रूपे मावतील एवढ्या कळा त्याला होत्या. देवनागरीची जोडाक्षरे धरली तर छापखान्यात कित्येक शे खिळे लागत, आणि टंकयंत्रात जागा नव्वदेक चिन्हांची. मग अक्षरे अर्धी कापली, काना वेगळा ठेवला, आणि तुकडे जोडून मराठी उमटवली. संगणक आला तेव्हा सुरुवातीच्या फॉण्टकारांनी हीच युक्ती चालवली. संगणकाच्या पोटात इंग्रजी अक्षराचाच क्रमांक साठवायचा, वर चित्र मात्र मराठी तुकड्याचे दाखवायचे. प्रत्येक कंपनीचा तुकड्यांचा क्रम वेगळा. म्हणजे मी वीस वर्षांपूर्वी मराठी लिहीतच नव्हतो. मी इंग्रजी चिन्हे लिहीत होतो आणि एक फॉण्ट त्यांच्यावर मराठीचा मुखवटा चढवत होता. मुखवटा काढला, की आतला ओळखू येत नाही.

वाट सुधारण्याचे काम मात्र त्याआधीच सुरू झाले होते, आणि त्यातले पुष्कळसे आपल्या पुण्यात झाले. कानपूरच्या तंत्रज्ञान संस्थेत आरंभलेले भारतीय लिप्यांचे काम पुढे पुण्याच्या ‘सी-डॅक’मध्ये वाढले. १९९१ साली भारतीय लिप्यांसाठी राष्ट्रीय संकेत ठरला. आणि त्याच वर्षी जगातल्या सर्व लिप्यांना एका सूत्रात ओवणारी ‘युनिकोड’ ही व्यवस्था प्रसिद्ध झाली. तिने देवनागरीला १२८ घरे दिली, आणि त्या घरांची मांडणी आपल्याच संकेताच्या १९८८ सालच्या रूपावरून घेतली. इथे तुकडा साठवत नाहीत, वर्ण साठवतात. ‘कि’ लिहिताना हाताने वेलांटी आधी काढतो, पण तोंडाने ‘क’ आधी म्हणतो. टंकयंत्र हाताचे ऐकत होते, नवी व्यवस्था तोंडाचे ऐकते. सर्वसामान्यांच्या संगणकात ही देवनागरी विंडोज २००० बरोबर आली. तिच्यातला ‘मंगल’ हा फॉण्ट आपल्या र. कृ. जोशी यांनी घडवला. जोशी सुलेखनकार आणि कवी. बोरू फिरवणाऱ्या हाताने संगणकाची अक्षरे घडवावीत, हे मला चित्रकलेचा मास्तर म्हणून मोठे भाग्याचे वाटते. २००८ साली ते गेले. त्यांच्या अक्षरांत रोज लिहिणाऱ्या किती जणांना त्यांचे नाव ठाऊक असेल?

म्हणजे २००६ साली मी आईची नावे लिहिली, तेव्हा ही व्यवस्था होती. मला ठाऊक नव्हती, आणि बोटांची सवय मोडवत नव्हती. दोष कुणाचा म्हणायचा? फॉण्ट विकणाऱ्याने सांगितले नाही, मी विचारले नाही.

मला मोडीची आठवण झाली. साडेसहाशे-सातशे वर्षे मराठीचा रोजचा व्यवहार मोडीत चालला. हात न उचलता भरभर लिहिता यावे, म्हणून ती सोयीची. मग छापखाना आला, टंकयंत्र आले, शाळांतून बाळबोध रुळली, आणि विसाव्या शतकाच्या मध्यावर मोडी शाळेतून आणि कचेरीतून निघून गेली. कागद राहिले, वाचणारे गेले. पुण्याच्या पेशवे दप्तरात रुमालांवर रुमाल आहेत. त्यांतले सामान्य वाचकाला ठाऊक झाले ते बहुतांशी तेवढेच, जे कुणीतरी बसून बाळबोधीत उतरवले. राजवाडे गावोगाव हिंडले आणि मराठ्यांच्या इतिहासाच्या साधनांचे खंड १८९८ पासून काढू लागले. रियासतकार सरदेसाईंच्या संपादनाखाली पेशवे दप्तरातल्या निवडक कागदांचे पंचेचाळीस खंड निघाले. कागद कसरीपासून वाचवणे हे अर्धे काम, तो वाचता येणाऱ्या लिपीत आणणे हे उरलेले अर्धे. मोडीला परकी व्हायला शतक लागले. माझी फाईल वीस वर्षांत परकी झाली होती.

तेव्हा मी ठरवले, की यंत्र नंतर, लिप्यंतर आधी.

जुन्या फॉण्टातला मजकूर नव्या संकेतात नेणाऱ्या आज्ञावल्या मिळतात. माझी नववीतली मुलगी आणि मी एका रविवारी बसलो. घटकाभरात तिन्ही कादंबऱ्या उतरल्या. मग आईची यादी उतरली. मुलगी मोठ्याने वाचू लागली आणि मी जुन्या पडद्यावर ताडून पाहू लागलो. दोन-चार वेलांट्या चुकीच्या अक्षरावर बसल्या होत्या, त्या दुरुस्त केल्या. पुढे ती अडखळली.

“बाबा, दर्या म्हणजे समुद्र ना? आजीच्या गावाला समुद्र कुठून आला?”

मी जुन्या पडद्याकडे पाहिले. तिथे होते ‘दोन दऱ्यांचं’. दोन दऱ्यांच्या मधले ते शेत, नाचणी पिके. मराठीतला तो डोळ्याच्या पापणीसारखा आडवा अर्धा ‘र’ नव्या संकेतात आणताना चुकला होता, आणि त्या जागी रफार आला होता. ‘दऱ्यां’चे ‘दर्यां’ झाले होते. ‘पऱ्याकाठचं’ या शेताचाही पऱ्या नाहीसा होऊन पर्याय निघायच्या बेतात होता. मला प्रथम हसू आले. मग ते ओसरले. आईच्या दरीवर पाणी चढले, त्याला साठ वर्षे होऊन गेली. कागदावर तरी ती दरी कोरडी होती. आता तिथेही एका यंत्राने समुद्र आणला होता, आणि मुलीने विचारले नसते तर तो तसाच राहिला असता. यंत्राला ते चूक वाटले नाही, कारण ‘दर्या’ हाही धड मराठी शब्द आहे.

ती यादी आम्ही यंत्रावर सोडली नाही. त्रेसष्ट नावे एकेक करून ताडली. सगळ्या आडव्या ‘र’ जागच्या जागी बसवल्या. मुलीने वहीत गावाचा नकाशा काढला आणि मी आठवेल तिथे शेते मांडली. संध्याकाळी दिवा लावताना मनात आले, आमच्या घरी येणाऱ्या विजेत कोयनेचीही वीज मिसळलेली असणार. १९६२ पासून ती येते आहे. त्याच विजेवर हा संगणक चालतो आणि त्याच विजेवर त्या गावाची यादी जपून ठेवायची. यात कुणावर राग धरावा, हे मला अजून कळलेले नाही.

पुढच्या आठवड्यात पुन्हा दुकानात गेलो. आता मला काय पाहायचे ते ठाऊक होते. चौदा इंचांचा पडदा, दीड किलोच्या आतबाहेर वजन, फिरत्या तबकडीऐवजी हालचाल नसलेला साठा, पुढे स्मृती वाढवण्याची सोय, आणि दुरुस्तीचे दुकान तालुक्याच्या गावीच. सर्वांत महाग यंत्र मी घेतले नाही. चार-सहा वर्षांनी हेही म्हातारे होणार, आणि ज्याला सोडूनच जायचे त्याच्यात जीव किती गुंतवावा? कळपटाची चिंता तर फुकटच निघाली. बोटांनी जुन्या रेमिंग्टन मांडणीने लिहिले तरी आत साठवले जातात ते नव्या संकेतातले वर्णच. सवय बदलायची नव्हती, तिच्या खालचा पाया तेवढा बदलायचा होता. इतकी वर्षे मी बोटे सांभाळत बसलो आणि अक्षरे परक्याच्या घरी ठेवली.

नवे यंत्र पहिल्या रात्री मी टेबलावर न ठेवता ओटीवर नेले. मांडी घातली, एक गुडघा उभा करून पाहिला, तो काही जमला नाही, म्हणून पाट घेतला. आईची यादी उघडली. इथे ती पहिल्या झटक्यात मराठीत उघडली. मुलीच्या मोबाइलवर पाठवली, तिथेही उघडली. तरी दुसऱ्या दिवशी तिची कागदावर प्रत काढली, पिशवीत घातली आणि देव्हाऱ्याखालच्या फडताळात ठेवली. कागदाला कसर लागते हे मला माहीत आहे, पण तो वाचायला यंत्र लागत नाही.

वाचकांपैकी कुणाच्या घरी असा घरघरणारा जुना संगणक असेल, तर नवे कोणते घ्यावे हे विचारण्यापूर्वी त्याने एक करावे. जुन्यातली सर्वांत प्रिय फाईल दुसऱ्या कुणाच्या यंत्रावर उघडून पाहावी. ती उघडली तर उत्तम. नाही उघडली, तर जुने यंत्र भंगारात घालू नये. त्याच्या पोटात कुणाच्या तरी शेतांची नावे असतील, आणि ती वाचू शकणारे जगात तेवढे एकच उरलेले असेल.